मायक्रोफिल्ट्रेशनचं मॉडेल: पेशी गाळण्याचा हिशेब कुठे आणि कसा चुकतो

दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की शेवटच्या वर्षाची मुलंमुली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लॅपटॉप घेऊन येतात. काही कलाभवनची, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची, काही मकरपुरा जीआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलेली. तक्रार साधारण एकच असते. "ताई, मॉडेल डेटावर छान बसतंय, पण मोठ्या युनिटवर फ्लक्स निम्मासुद्धा मिळत नाही." फ्लक्स म्हणजे गाळणीच्या दर चौरस मीटरमधून दर तासाला किती द्रव पलीकडे जातं तो वेग. फाइल उघडून बघावी तर समीकरण बहुतेक वेळा बरोबर असतं. घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. त्रिज्येच्या जागी व्यास घातलेला असतो, ओल्या आकारमानाच्या जागी कोरडं वजन घेतलेलं असतं, आणि टाकीचं पाणी त्या दिवशी किती तापलं होतं याची कुठेच नोंद नसते.

म्हणून हा लेख. विषय एवढाच: यीस्ट किंवा बॅक्टेरियाच्या पेशी असलेला ब्रॉथ (पेशी ज्यात वाढवल्या तो द्रव), ०.१ ते ०.६५ मायक्रॉन छिद्रांचं मेंब्रेन (गाळणीचा पातळ पडदा), आणि किती क्षेत्रफळ व किती वेळ लागेल याचा हिशेब. कामाचा क्रम असा: आधी पाणी, मग पेशी काढलेला निवळ द्रव, मग बंद टोकाची चाचणी, मग क्रॉसफ्लो (मेंब्रेनलगत आडवा वाहता प्रवाह), आणि संगणक सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हा क्रम बरोबर उलटा करतात.

टप्पा १: प्रश्न आकड्यांत लिहा

"पेशी वेगळ्या करायच्या आहेत" हा प्रश्न झाला नाही. असं लिहा: १०० लिटर ब्रॉथ आहे, पेशींचं ओलं आकारमान ४ टक्के, तो ४ तासांत २० लिटरपर्यंत आटवायचा, मेंब्रेन किती चौरस मीटर लागेल? शेवटपर्यंत हेच उदाहरण घेऊन चालू. पेशी बॅक्टेरियाच्या, त्रिज्या ०.५ मायक्रॉन.

सोबत दुसरी ओळ लिहा: आपल्याला हवा तो माल पेशीत आहे की द्रवात? पेशीत असेल तर फक्त फ्लक्सचा हिशेब पुरतो. द्रवात असेल, म्हणजे एखादं प्रथिन किंवा एन्झाइम पलीकडे जायला हवं असेल, तर त्यातलं किती खरंच पलीकडे जातं याचाही हिशेब करावा लागतो. तो टप्पा ८ मध्ये येईल.

टप्पा २: वहीत आधी काय यायला हवं

इथे घाई करू नका. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत ज्या चुका सापडतात, त्यांतल्या बहुतेक याच टप्प्यावर झालेल्या असतात.

पेशीचा आकार मायक्रोस्कोपखाली मोजा, पुस्तकातून उचलू नका. बेकरीचं यीस्ट साधारण ५ मायक्रॉन व्यासाचं असतं, पण उपाशी कल्चरमध्ये ते आक्रसतं. बॅक्टेरिया दांडीसारखा असेल तर तेवढ्याच आकारमानाच्या गोळ्याची त्रिज्या काढा. ०.८ मायक्रॉन जाड आणि २ मायक्रॉन लांब दांडीसाठी ती सुमारे ०.६ मायक्रॉन येते. आणि वहीत "आकार" असा मोघम शब्द लिहू नका. "त्रिज्या" लिहा किंवा "व्यास" लिहा. याची किंमत किती पडते ते टप्पा ७ मध्ये दिसेल.

पेशींचं प्रमाण दोन प्रकारे लागतं. केकच्या, म्हणजे मेंब्रेनवर साचणाऱ्या पेशींच्या थराच्या, हिशेबात किलो प्रति घनमीटर, आणि क्रॉसफ्लोच्या हिशेबात ओलं आकारमान. कोरड्या वजनाला घनतेने भागून आकारमान काढणं ही फार जुनी खोड आहे. पेशीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे लिटरला १० ग्रॅम कोरडं वजन म्हणजे १ टक्का आकारमान असं होत नाही. ते ४ टक्क्यांच्या आसपास जातं. खूणा असलेल्या नळीत सेंट्रिफ्यूज करून थर मोजा, आणि थरातल्या पेशींच्या मधल्या फटींत अडकलेलं द्रव वजा करायला विसरू नका.

स्निग्धता दोन मोजायच्या: पर्मिएटची (गाळून पलीकडे आलेल्या द्रवाची) आणि ब्रॉथची. मेंब्रेनच्या छिद्रांतून आणि केकच्या फटींतून जातं ते पर्मिएट, म्हणून डार्सीच्या समीकरणात (फ्लक्स = दाब ÷ स्निग्धता ÷ रोध) त्याचीच स्निग्धता जाते. ब्रॉथची लागते ती नळीतला दाब किती पडेल ते काढायला. ब्रॉथची स्निग्धता डार्सीत घातली की मेंब्रेनचा रोध कमी निघतो आणि मेंब्रेन आहे त्याहून चांगलं दिसतं.

दाबाच्या घड्याळावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, पीएसआय आणि बार ही तिन्ही एकाच स्किडवर (सांगाड्यावर बसवलेल्या युनिटवर) पाहिली आहेत मी. १ किलो प्रति चौ. सें.मी. म्हणजे ०.९८ बार. एवढा फरक चालून जाईल. पण पर्मिएटची नळी छतापर्यंत वर नेलेली असेल तर दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार उलटा दाब बसतो, आणि ०.३ बारवर काम करताना तो चालून जात नाही.

टीएमपी, म्हणजे मेंब्रेनच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक, काढताना आत जाणारा आणि बाहेर पडणारा दाब यांची सरासरी घ्या आणि त्यातून पर्मिएटचा दाब वजा करा. आत १.२, बाहेर ०.४, पर्मिएट ०.१ बार असेल तर टीएमपी ०.७ बार. नुसता आतला दाब धरला तर १.२, म्हणजे दीडपटीहून जास्त.

*तपासणी: वहीत प्रत्येक आकड्याशेजारी एकक आणि तापमान आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.*

टप्पा ३: साधं पाणी

नवं मेंब्रेन, गाळलेलं शुद्ध पाणी, तीन-चार वेगवेगळे टीएमपी. फ्लक्स आणि टीएमपीचा आलेख शून्यातून जाणारी सरळ रेषा यायला हवी. मग:

मेंब्रेनचा रोध = टीएमपी ÷ (पाण्याची स्निग्धता × फ्लक्स)

समजा ०.५ बारला, म्हणजे ५०,००० पास्कलला, ३० अंशाच्या पाण्याचा फ्लक्स ४५० लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास आला. याला आपण एलएमएच म्हणू. एसआय एककांत तो १.२५ × १०^-४ मीटर प्रति सेकंद होतो. ३० अंशाला पाण्याची स्निग्धता ०.८ × १०^-३ पास्कल-सेकंद. रोध आला ५ × १०^११ प्रति मीटर. मायक्रोफिल्ट्रेशन मेंब्रेनला हा आकडा शोभतो. १०^९ किंवा १०^१४ आला तर एककात गडबड आहे असं समजा. एलएमएचला ३६ लाखांनी भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात, एवढं पाठ करून ठेवा.

आता तापमान. पाण्याची स्निग्धता २० अंशाला १.००२, ३० ला ०.७९८ आणि ४० ला ०.६५३ मिलिपास्कल-सेकंद असते. बडोद्यात उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) आठवड्यात सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी विशीच्या आसपास असतं आणि मे महिन्यात दुपारी चाळिशीला टेकतं. काही न करता फ्लक्स दीडपट होतो.

यात मी स्वतः फसले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या कारखान्यात मेंब्रेन धुऊन झाल्यावर मी पाण्याचा फ्लक्स मोजला, ६७० आला. जानेवारीतला नव्या मेंब्रेनचा आकडा ६०० होता. "धुलाई ११२ टक्के" असं मी रजिस्टरमध्ये लिहून सही केली, आणि शंभराच्या वर टक्के कसे याचा विचारही केला नाही. मे महिना होता, पाणी ४० अंशाचं. २० अंशावर आणून बघितलं असतं तर ४३७ निघाले असते, म्हणजे ७३ टक्के. पुढच्या बॅचला फ्लक्स कोसळला तेव्हा सगळ्यांनी ब्रॉथला दोष दिला, मीसुद्धा.

*सूचना: पाण्याचा प्रत्येक फ्लक्स एकाच तापमानावर आणून लिहा. मोजलेल्या फ्लक्सला मोजलेल्या तापमानाच्या स्निग्धतेने गुणा आणि ठरवलेल्या तापमानाच्या स्निग्धतेने भागा.*

टप्पा ४: पेशी काढलेला निवळ द्रव

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. ब्रॉथ सेंट्रिफ्यूज करा, वरचा निवळ द्रव घ्या आणि तो मेंब्रेनमधून तासभर फिरवा. पेशी नाहीत, म्हणजे केकही नाही. तरीही फ्लक्स घसरला तर प्रथिनं, फुटलेल्या पेशींचे तुकडे आणि अँटिफोम (फेस मोडणारं रसायन) छिद्रांत बसत आहेत. मग पाणी फिरवून परत रोध काढा. आधीच्या ५ × १०^११ चे २५ × १०^११ झाले असतील तर २० × १०^११ हा फाउलिंगचा, म्हणजे मेंब्रेन चोंदण्याचा, रोध.

अँटिफोमबद्दल मुद्दाम सांगते. मांडवीतल्या दुकानातून यीस्ट आणून, पाण्यात कालवून मॉडेल बसवायला हरकत नाही, सरावाला ते उत्तम आहे. पण फर्मेंटरमधल्या खऱ्या ब्रॉथमध्ये सिलिकोनचं अँटिफोम पडलेलं असतं आणि ते मेंब्रेनवर तेलाच्या हातासारखं बसतं. धुतलेल्या यीस्टवर बसवलेलं मॉडेल त्या ब्रॉथला लावू नका.

टप्पा ५: बंद टोकाची चाचणी

आता पेशी आणा, पण प्रवाह आडवा नको. ४७ मिलिमीटरची चकती, व्हॅक्यूम, तराजू आणि घड्याळ. स्थिर दाबाखाली दर ठरावीक सेकंदांनी गोळा झालेलं पर्मिएट मोजायचं, आणि "वेळ भागिले आकारमान" विरुद्ध "आकारमान" असा आलेख काढायचा. केक वाढत असेल तर सरळ रेषा येते. तिच्या उतारातून केकचा विशिष्ट रोध निघतो. त्याला आल्फा म्हणतात:

आल्फा = २ × उतार × क्षेत्रफळाचा वर्ग × दाब ÷ (स्निग्धता × पेशींचं प्रमाण)

एक हिशेब करून दाखवते. हा बेकरीच्या यीस्टचा आहे, आपल्या उदाहरणातल्या बॅक्टेरियाचा नाही. उतार ०.०२५ सेकंद प्रति मिलिलिटर वर्ग. मिलिलिटरचा वर्ग आहे, म्हणून घनमीटरात नेताना १०^१२ ने गुणायचं, १०^६ ने नाही. आले २.५ × १०^१०. दाब ०.५ बार, म्हणजे व्हॅक्यूमच्या घड्याळावर साधारण ३७५ मिलिमीटर पारा. पेशी ५ किलो प्रति घनमीटर कोरड्या वजनाने, स्निग्धता ०.८ × १०^-३.

क्षेत्रफळ किती? चकती ४७ मिलिमीटरची, म्हणून १७.३५ चौरस सेंटिमीटर असं तुम्ही म्हणाल. थांबा. चाचणी झाल्यावर चकती उचलून बघा. होल्डरची कड बाहेरून दाबून धरते आणि पेशींचा गोल डाग आत बसतो. तो डाग पट्टीने मोजा. माझ्याकडच्या होल्डरमध्ये तो ४० मिलिमीटर भरतो, म्हणजे क्षेत्रफळ १२.५७ चौ. सें.मी. सूत्रात क्षेत्रफळाचा वर्ग आहे, त्यामुळे चकतीचा पूर्ण व्यास घेतला की आल्फा १.९ पट होतो. बरोबर क्षेत्रफळाने आल्फा येतो सुमारे १ × १०^१२ मीटर प्रति किलो. डाग न मोजणाऱ्याला १.९ × १०^१२ येतो, आणि आलेखाची रेषा दोघांचीही तितकीच सरळ असते. रेषा सरळ आली म्हणून हिशेब बरोबर, असं मानू नका.

याच पेशी ५ मायक्रॉन व्यासाचे कडक गोळे आहेत असं धरून, ४० टक्के फटींच्या थरासाठी कोझेनी-कार्मन सूत्र (कणांच्या थराचा रोध काढायचं) लावलं तर कोरड्या वजनाच्या हिशेबाने आल्फा २.५ × १०^११ च्या आसपास निघतो. प्रयोगातला आकडा चारेक पट मोठा आला तर दचकू नका. पेशी मऊ असतात, दाबल्या की चपट्या होतात, आणि मधल्या फटींत त्यांचाच चिकटा भरलेला असतो. मॉडेलमध्ये प्रयोगातला आकडा घाला.

मग चाचणी तीन वेगळ्या दाबांवर परत करा. आल्फा दाबाच्या कितव्या घाताने वाढतो ते बघायचं आहे. श्रीखंडासाठी चक्का टांगला असताना घाई करून पोटली पिळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: पहिलं पाणी भसकन निघतं, मग कापडालगतचा थर घट्ट बसतो आणि कितीही पिळा, थेंब थेंबच. तो घात ०.८ आला आणि रोध मुख्यतः केकचा असला, तर दाब दुप्पट करून फ्लक्स जेमतेम १५ टक्के वाढतो.

*तपासणी: रेषेचा छेद उणा आला का? घड्याळ उशिरा सुरू केलं असेल, किंवा थर बसण्याआधीचे पहिले काही बिंदू रेषेत ओढले असतील. ते बिंदू सोडा, पण किती सोडले ते लिहून ठेवा. यीस्टची चाचणी लांबत असेल तर ढवळत राहा. ५ मायक्रॉनची पेशी स्थिर पाण्यात तासाला अंदाजे ५ मिलिमीटर खाली बसते, आणि आलेखात तो केक आपण दाबाने बनवला असं दिसतं.*

टप्पा ६: केक की छिद्रं बुजणं?

रेषा सुरुवातीला वाकलेली असेल तर फक्त केकचं मॉडेल पुरणार नाही. हर्मिया यांनी १९८२ मध्ये चार प्रकार एका समीकरणात मांडले. वेळेचा आकारमानानुसार दुसरा विकलक (डेरिव्हेटिव्ह) हा पहिल्या विकलकाच्या एका घाताशी समप्रमाणात असतो. घात २ आला तर छिद्रं पूर्ण बंद होत आहेत, १.५ तर आतून अरुंद होत आहेत, १ तर मधली अवस्था, ० तर केक.

यात एकच मोह टाळा. एक्सेलला चारही बसवायला लावून ज्याचा आर-वर्ग (रेषा बिंदूंवर किती नेमकी बसली तो आकडा) ०.९९८ तो निवडायचा, हे करू नका. चारही ०.९९ च्या वर जाऊ शकतात. पेशी छिद्रापेक्षा मोठी आहे का हे आधी बघा. ०.२ मायक्रॉनच्या छिद्रात १ मायक्रॉनची पेशी आत शिरणारच नाही. तरी घात १.५ येत असेल तर तो पेशींचा नाही, टप्पा ४ मधल्या प्रथिनांचा आहे.

टप्पा ७: क्रॉसफ्लो

आडवा प्रवाह केकला वाढू देत नाही. पेशी मेंब्रेनकडे ओढल्या जातात आणि कातरणीच्या (शिअरच्या) वेगामुळे एकमेकींवर आदळून परत आत ढकलल्या जातात. हे परत जाणं कशामुळे, यावर मॉडेल ठरतं. साध्या रेणवीय विसरणाने (डिफ्यूजनने) हिशेब केला तर फ्लक्स प्रत्यक्षापेक्षा खूपच कमी निघतो, कारण मायक्रॉनभराच्या कणासाठी ते विसरण नगण्य आहे. इथे कातरणीमुळे होणारं विसरण घ्यावं लागतं. झिडनी आणि कोल्टन यांनी १९८६ मध्ये दिलेलं रूप असं:

मर्यादा-फ्लक्स = ०.०७८ × भिंतीवरची कातरणी × (त्रिज्येचा चौथा घात ÷ नळीची लांबी) याचं घनमूळ × लॉग (भिंतीवरचं आकारमान ÷ ब्रॉथमधलं आकारमान)

लॉग नैसर्गिक, १० च्या पायाचा नाही. एक्सेलमध्ये नुसतं लॉग लिहिलं तर तो १० चा पाया धरतो, आणि फ्लक्स २.३ पटीने कमी होतो.

आपलं उदाहरण: पोकळ तंतूंचं मॉड्यूल, तंतूचा आतला व्यास ०.७५ मिलिमीटर, लांबी ०.५ मीटर, वेग ०.७५ मीटर प्रति सेकंद. भिंतीवरची कातरणी = ८ × वेग ÷ व्यास = ८,००० प्रति सेकंद. हे सूत्र शांत, थरांच्या प्रवाहापुरतंच. इथे रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह शांत की खवळलेला ते सांगणारा) ५६० च्या आसपास, म्हणून चालतं. सिरॅमिकच्या ६ मिलिमीटर नळीत ४ मीटर वेगाने पळवणार असाल तर प्रवाह खवळलेला असतो आणि कातरणी घर्षणांकावरून काढावी लागते. जाळी असलेल्या कॅसेटला (सपाट मेंब्रेनच्या मॉड्यूलला) तर हे सूत्र लावूच नका.

त्रिज्या ०.५ मायक्रॉन, म्हणून घनमूळ येतं ५ × १०^-९. त्याला ०.०७८ आणि ८,००० ने गुणलं की ३.१२ × १०^-६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ११.२ एलएमएच. याला लॉगने गुणायचं. भिंतीवर ०.६५ धरलं, ब्रॉथमध्ये ०.०४, तर लॉग २.७९ आणि मर्यादा-फ्लक्स ३१ एलएमएच.

आता त्रिज्येऐवजी व्यास घातला तर? त्रिज्येचा ४/३ घात आहे, म्हणून २.५ पट, ७९ एलएमएच. निम्मासुद्धा फ्लक्स मिळत नाही म्हणून येणाऱ्या मुलांच्या फायलीत मी सगळ्यात आधी हाच कप्पा उघडून बघते. त्या मानाने भिंतीवरच्या आकारमानाबद्दल फार डोकं शिणवू नका. ०.६५ चं ०.७५ केलं तरी सुरुवातीचा फ्लक्स ५ टक्के आणि शेवटचा १२ टक्केच बदलतो.

या सूत्रात टीएमपी कुठेच नाही, हे लक्षात आलं का? म्हणून ते एकटं वापरायचं नाही. प्रत्येक क्षणी दोन आकडे काढा: डार्सीचा (टीएमपी ÷ स्निग्धता ÷ मेंब्रेन आणि फाउलिंगचा एकूण रोध) आणि हा मर्यादा-फ्लक्स. दोघांतला लहान तो खरा. टप्पा ४ नंतरचा एकूण रोध २५ × १०^११ धरला, तर ०.५ बारला डार्सी ९० एलएमएच देतो. मर्यादा ३१, म्हणून राज्य पेशींचं. दाब वाढवून काही मिळणार नाही, उलट केक दाबला जाईल. पण टीएमपी ०.१ बारच ठेवलात तर डार्सी १८ देतो आणि सुरुवातीला राज्य दाबाचं असतं. ब्रॉथ ३१ लिटरपर्यंत आटला की मर्यादासुद्धा १८ वर येते आणि तिथून पुढे पेशी ठरवतात.

*तपासणी: एवढ्या वेगाला तंतूत दाब किती पडतो? ३२ × ब्रॉथची स्निग्धता × लांबी × वेग ÷ व्यासाचा वर्ग. पाण्यासारख्या पातळ ब्रॉथला ०.२१ बार. म्हणजे पर्मिएट मोकळा सोडला तर सरासरी टीएमपी ०.१ बारच्या खाली जाऊच शकत नाही. ब्रॉथ आटून दुप्पट घट्ट झाला की हाच आकडा ०.४२ होतो. पंप तेवढं देईल का ते आत्ताच बघा. पंपाचा प्रवाह तंतूंच्या संख्येने भागायलाही विसरू नका: १०० तंतूंना मिळून मिनिटाला २ लिटर लागतात.*

टप्पा ८: आता एक्सेल

पेशी अडतात, द्रव जातो. म्हणून ब्रॉथ आटेल तसं पेशींचं आकारमान उलट्या प्रमाणात वाढतं: १०० लिटरला ०.०४, ५० ला ०.०८, २० ला ०.२०. एकाच सरासरी फ्लक्सने वेळ काढू नका. आकारमानाचे कप्पे करा आणि प्रत्येक कप्प्याला त्याचा फ्लक्स लावा.

पुरेसा टीएमपी असताना १ चौरस मीटरचा हिशेब असा येतो. १०० लिटरला फ्लक्स ३१.३, ८० ला २८.८, ६० ला २५.६, ४० ला २१.० आणि २० ला १३.२ एलएमएच. पहिले २० लिटर काढायला ०.६७ तास, पुढचे ०.७४, त्यापुढचे ०.८६ आणि शेवटचे २० लिटर १.१७ तास. एकूण ३.४ तास. एकतृतीयांश वेळ शेवटच्या २० लिटरनी खाल्ला. कप्पे आणखी बारीक केले तरी उत्तर जवळपास तेच येतं. तुमच्या फाइलमध्ये कप्पे निम्मे केल्यावर उत्तर १ टक्क्याहून जास्त हललं तर आणखी बारीक करा.

४ तासांत संपवायचं तर क्षेत्रफळ ०.८५ चौरस मीटर. सुरुवातीचाच फ्लक्स धरून बसणाऱ्याला ०.६४ पुरेल असं वाटलं असतं, आणि त्याची बॅच सव्वापाच तास चालली असती.

माल द्रवात असेल तर याच तक्त्यात आणखी एक रकाना लागतो. पर्मिएटमधलं प्रमाण भागिले ब्रॉथमधल्या द्रवातलं प्रमाण, याला आपण पार-गुणांक म्हणू. तो १ धरायचा मोह होतो, कारण प्रथिन छिद्रापेक्षा कितीतरी लहान असतं. पण पेशींचा थर स्वतःच गाळणी बनतो. बॅच चालू असताना दर अर्ध्या तासाला दोन्हीकडचा नमुना घ्या. आटवून झाल्यावर तेवढंच पाणी घालत धुवायचं असेल तर उतारा = १ − ई चा (− धुण्याच्या पटी × पार-गुणांक) इतका घात. तीन पटी पाण्याला पार-गुणांक १ असेल तर ९५ टक्के माल मिळतो, ०.६ असेल तर ८३ टक्के.

टप्पा ९: मॉडेलची परीक्षा

ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्याच डेटावर ते तपासू नका. एका वेगावर बसवा, दुसऱ्या वेगाचा फ्लक्स आधी भाकीत करून वहीत लिहा, मग चाचणी घ्या. वेग निम्मा केला तर मर्यादा-फ्लक्स निम्मा व्हायला हवा. तसा होत नसेल तर तुमच्या यंत्रात पेशींचं राज्य नाही, फाउलिंगचं आहे, आणि टप्पा ४ कडे परत जावं लागेल.

पर्मिएटवर पंप लावून फ्लक्स पायऱ्यापायऱ्यांनी वाढवायची चाचणीही घ्या. प्रत्येक पायरीवर १५ मिनिटं थांबा. टीएमपी सपाट राहिला तर पुढची पायरी. जिथे तो स्थिर न राहता चढत जातो, त्याच्या खालची पायरी हा तुमचा सुरक्षित फ्लक्स. तो मॉडेलच्या ३१ च्या जवळ आला तर छान. खऱ्या ब्रॉथमध्ये तो २० आला तर २० धरा आणि गुणोत्तर लिहून ठेवा. क्षेत्रफळाला त्या गुणोत्तराने भागायचं: ०.८५ चं १.३ होईल.

मग मेंब्रेन धुवा. आधी पाणी, मग कॉस्टिक. मेंब्रेन बनवणाऱ्याच्या पत्रकात हायपोक्लोराइट चालतं असं असेल तरच ते, आणि ते उरलेलं असताना अॅसिड कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो. शेवटी टप्पा ३ परत करा, तापमानासकट. नव्या मेंब्रेनच्या तुलनेत किती टक्के फ्लक्स परत आला ते लिहा; त्या फ्लक्सवरून निघणारा रोध पुढच्या बॅचच्या मॉडेलमध्ये मेंब्रेनचा रोध म्हणून जातो. टक्के शंभराच्या वर आले तर सही करण्याआधी थर्मामीटर बघा.